नथोबाच्या हातातली दोरी

एकदा एका ख्रिस्ती वस्तीत एक वृद्ध पाळक राहत होते, आणि त्यांची एक शिष्या होती, जिला वृद्धांचा भारी कंटाळा होता. अपवाद याच एका वृद्धाचा. ती शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकत असे आणि सुटीत घरी आली की पाळकसाहेबांशी भांडायला त्यांच्या ओसरीवर येऊन बसे. 'चले जाव'च्या दिवसांत हा माणूस मिशनच्या शाळेतली मास्तरकी सोडून तुरुंगात गेला होता, एवढ्यावर ती त्यांना बाकी सगळे माफ करी.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली त्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा झेंडावंदन म्हणजे वस्तीचा सणच असे. आदल्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात सडा पडे, पताका खळीने सुतळीवर चिकटवल्या जात, बाजाची पेटी बाहेर निघे. बायका ठेवणीतली लुगडी नेसत. नाताळाला आणि झेंड्याला, अशी दोनदाच ती ट्रंकेबाहेर येत. डांबरगोळ्यांच्या त्या वासासकट ती सकाळ पुढे कितीतरी वर्षे शिष्येच्या मनात राहिली.

कार्यक्रम तिच्याकडे होता. झेंडा दरवर्षीप्रमाणे पाळकसाहेबच चढवणार होते. तिने नाव पुकारले. ते उठले, खांबापाशी गेले, दोरीला हात लावला आणि सोडून दिली. मग गर्दीतून वाट काढत थेट कुंपणापाशी गेले. तिथे म्हातारा नथोबा उभा होता. त्याचा हात धरून ते त्याला पुढे आणू लागले.

मागून कुणीतरी कोंबड्यासारखी बांग दिली. सगळे अंगण हसले.

ही बांग वस्तीत जुनी होती. तीस वर्षांपूर्वी पाळकसाहेबांना पकडायला शिपाई आले, ते रविवारी, उपासना सुटताना. नथोबा त्यांचा जिवलग, प्रभातफेरीत खांद्याला खांदा लावून चालणारा. त्या सकाळी दोघांनी शेजारी बसून प्रभुभोजन घेतले होते. फौजदाराने त्याला विचारले, "तू याचा सोबती ना?" नथोबा म्हणाला, "मी या माणसाला ओळखत नाही." प्रभूला पकडले तेव्हा त्याच्या पट्टशिष्याने, पेत्राने, त्याला असेच नाकारले आणि कोंबडा आरवला, ही कथा तिथे लेकरांनाही तोंडपाठ. त्याच संध्याकाळी नथोबाच्या दारापुढे पहिली बांग उठली. शिष्येनेही लहानपणी त्याच्या मागे धावत ती दिली होती.

"सोडा ना, साहेब," नथोबा पुटपुटला. "कुंपणापाशी बरं चाललंय माझं."

"दोरी धर, नथू. माझा खांदा दुखतोय."

"खोटं बोलता! तेही चर्चच्या अंगणात!"

शिष्या तरातरा पुढे आली. "पाळकसाहेब, हे काय चालवलंय? तुरुंगात तुम्ही गेलात. तुम्हाला नाकारलं यांनी. मग मान यांना कशाचा? माफ करायचं तर घरी करा. झेंड्याखाली नको."

"माफीचं कोण बोलतंय?" पाळक म्हणाले. "मी आत गेलो त्याच आठवड्यात मिशननं माझ्या आईला खोली सोडायला लावली. दमेकरी म्हातारी. पोलिसांच्या भीतीनं वस्तीत कुणी दार उघडेना. ते यानं उघडलं. तिचं पाणी यानं भरलं, तिचं आजारपण यानं काढलं, आणि मी आतच असताना तिला माती दिली तीही यानं. विहिरीवर जाताना बांग, येताना बांग. पोरी, मला आत सरकार भाकरी देत होतं, आणि सुटलो तेव्हा वस्ती हार घेऊन उभी होती. पेत्र भ्याला, हे आपल्या नेमकं लक्षात राहिलं. प्रभूनं पुढं त्याला भित्रेपणाचा जाबसुद्धा विचारला नाही, आपल्या माणसांचा कळप त्याच्या हाती सोपवला, ते आपण विसरलो. देश मोकळा व्हायचा तर कुणीतरी आत जावं लागतं, खरं आहे. पण जे आत जातात त्यांची माणसं बाहेर कुणीतरी जगवावी लागतात. ती किंमत मी दिलेली नाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"दरवर्षी बोलायला उठायचो. दरवर्षी हा आडवा यायचा."

"म्हातारीचं केलं म्हणून बोललेलं पुसलं जातं व्हय?" नथोबा मान खाली घालून म्हणाला. "बोललो तर होतोच मी."

शिष्या माइकपाशी गेली, नाव पुकारायला घसा साफ केला, आणि अडली. लहानपणापासून ज्या माणसाला ती रोज पाहत आली होती, त्याला नथोबापलीकडे काय म्हणतात हेच तिला ठाऊक नव्हते.

माइक हाताने झाकून ती वळली. "आजोबा, तुमचं पूर्ण नाव काय?"

म्हातारा गोंधळला. बऱ्याच वर्षांत हे त्याला कुणी विचारले नसावे. "नथोबा," तो म्हणाला. मग थांबून, "नथोबा केरूजी भांबळ."

तिने ते नाव सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुकारले. नथोबाने दोरी दोन्ही हातांनी धरली.

शूरांची नावे आपल्याला पाठ असतात. घाबरत घाबरत ज्यांनी किंमत मोजली, त्यांची विचारावी लागतात.