पाराखालचा शिरीष

एकदा एका नगरात मोठी चमत्कारिक गोष्ट घडली. ज्या वृद्ध गुरुजींनी आयुष्यभर एकेका फांदीसाठी नगरपरिषदेशी भांडण मांडले, त्यांनीच वृक्षसमितीच्या बैठकीत कन्याशाळेसमोरचा शिरीष तोडण्याच्या बाजूने हात वर केला!

शेजारी बसलेली त्यांची शिष्या वैजयंती अवाक् झाली. ती नगरसेविका होती, आणि झाडांसाठी बोलायला तिला गुरुजींनीच शिकवले होते. अर्ज कापडाचा व्यापार करणाऱ्या एका शेठजींचा. झाडामुळे त्यांच्या दुकानाची पाटी झाकली जात होती, एवढेच. वैजयंतीच्या शब्दाखातर शंभरेक माणसे शिरीषाखाली जमून निर्णयाची वाट पाहत होती. आता त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने जायचे?

"गुरुजी, हात चुकून वर गेला का?" तिने हळूच विचारले.

"नाही गं. अजून एक राहिलंय," असे म्हणत गुरुजी उठले आणि सभेला म्हणाले, "माझी सूचना लिहून घ्या. त्या रस्त्यावरच्या बाकी सगळ्या झाडांचे पार फोडून टाका."

सभेत हशा पिकला. अहो, ते पार म्हणजे नगराची शोभा! निवडून आल्यावर वैजयंतीनेच ते हौसेने बांधून घेतलेले. चकचकीत फरश्या, ऐसपैस जागा. म्हातारी माणसे तिला दुवा देत. म्हातारबुवांना चळ लागला की काय, असे कुणीतरी पुटपुटलेसुद्धा. वैजयंतीला काहीच उमजेना. गुरुजी शेठजींना मिळाले म्हणावे, तर पार फोडून शेठजींचा काय लाभ? वय झाले म्हणावे, तर बोलणे नेहमीसारखेच स्वच्छ. "माझं मत थोड्या वेळानं देते," असे सभेला सांगून तिने गुरुजींचा हात धरला आणि तरातरा त्यांना शिरीषापाशी घेऊन आली.

लोकांनी घोषणा दिल्या. गुरुजींनी पारावर बसलेल्यांना उठवले, बुंध्यालगतची एक सैल फरशी सरकवली आणि आपली काठी बुंध्यात रेटली. ओल्या भुशात जावी तशी ती हातभर आत गेली. बाहेर काढली, तेव्हा टोकाला काळा, कुजका चुरा लागला होता. वर पाने मात्र हिरवीगार.

"पण आपण तर रोज पाणी घालत होतो!" वैजयंतीच्या तोंडून निघाले.

"फरशीवर घालत होतो," गुरुजी म्हणाले. "बुंध्याला हवा लागते, मुळांना पाणी. आपण गळ्यापर्यंत माती भरली, वर सिमेंट ओतलं, आणि समजलो, झाडाचा केवढा मान केला! पाराचा नारळ मीच फोडला होता. मलाही परवा काठी आत गेली, तेव्हा कळलं. तुला सांगायला हवं होतं, पण तू एवढी माणसं गोळा केलीस, माझा धीर झाला नाही. इथं रोज मुली उभ्या असतात. हे एखादीवर कोसळलं, तर भीतीपोटी हेच गाव रस्त्यावरचं एकेक झाड तोडायला लावील, आणि आपल्याला बोलायला तोंड उरणार नाही. शेठजींची कारणं शेठजींपाशी. आपण झाडाकडे पाहायचं. हे गेलं गं. बाकीची अजून हाती आहेत."

वैजयंतीला रडू फुटले. "लोक म्हणतील, शेठजींनी हिला विकत घेतलं."

"म्हणतील," गुरुजी म्हणाले.

तिने डोळे पुसले आणि लोकांकडे वळली. "मी हे झाड तोडायला संमती देणार आहे," ती म्हणाली. गलका उसळला. कुणी ओरडले, कुणी एकमेकांकडे बघत राहिले. मघाशी तिचे झाले होते तेच आता त्यांचे झाले. गलका ओसरेपर्यंत ती थांबली. "हे शेठजींनी मारलेलं नाही. पार मी बांधला, टाळ्या तुम्ही वाजवल्यात. आपणच प्रेमानं याचा गळा दाबला. या, बघा," असे म्हणून तिने काठीचे टोक त्यांच्यापुढे धरले.

पुढे उभ्या असलेल्यांनी तो काळा चुरा बोटांत चोळून पाहिला. जरा वेळाने पलीकडच्या कडुनिंबाच्या पारावर बसलेली माणसे एकेक करून उठून उभी राहिली.