एकेचाळिसाव्या दिवसाचे चार तास

एकदा एका निवृत्त आरेखकाला एका प्रश्नाने असे पछाडले, की सहा महिने त्याला दुसरे काही सुचेना. युरोपात साठ दिवस फिरायचे, तर रेल्वेचा पास काढावा, की प्रत्येक प्रवासाचे सुटे तिकीट घ्यावे?

गृहस्थाचे नाव मुकुंद. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर धरणांचे नकाशे काढलेला माणूस. त्याने या प्रश्नाचाही भला मोठा तक्ता काढला. पास असला तर मनात येईल त्या गाडीत चढता येते, पण वेगवान गाड्यांचे आरक्षण वेगळे करावे लागते. सुटी तिकिटे आधी काढली तर स्वस्त पडतात, पण मग ठरल्या गाडीला स्वतःला बांधून घेणे आले. शिवाय पास काढला की तो वसूल झालाच पाहिजे, हा आग्रह आपल्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेला. भरपेट थाळीचे पैसे दिले म्हणून पोट दुखेपर्यंत जेवणारी माणसे आपण! पासाचा एकही दिवस वाया जाऊ नये म्हणून मुकुंद शहरामागून शहरे वाढवत गेला. बारा देश आणि चौतीस शहरे झाली, तरी त्याचे समाधान होईना.

हा प्रवास हौसेचा मात्र नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा सौमित्र जर्मनीतल्या एका लहान गावी शिकत असताना तापाने आजारी पडला आणि अकराव्या दिवशी तिथल्या इस्पितळातच वारला. आईवडिलांचा व्हिसा वेळेत हाती आला नाही. आपल्या मुलाचे अंत्यसंस्कार त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. पत्नी नलिनी हिची आता एकच इच्छा होती, ते गाव पाहायचे. मुकुंदाच्या तक्त्यात ते गाव होते. दिवस एकेचाळिसावा, आगमन अकरा दहा, प्रस्थान तीन पाच.

तक्ता घेऊन तो आपल्या शाळेतल्या गुरुजींकडे गेला. गुरुजींनी त्याला भूमिती शिकवली होती. वय चौऱ्याऐंशी, एकटेच राहत, आणि गावातले लोक अजून अडल्यानडल्याला त्यांचा सल्ला घेत.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. पास की तिकिटं?"

गुरुजींनी चष्मा पुसून तक्ता पाहिला. एकेचाळिसाव्या ओळीवर त्यांचे बोट बराच वेळ थांबले.

"नलिनीला दाखवलास?"

"दाखवला. ती म्हणाली, तुम्ही ठरवाल ते."

"हं. असं कर, उद्या एसटीचा चार दिवसांचा पास काढ. आवडेल तिथे प्रवास. मला या वयात तिकीट पडत नाही. आधी इथला पास कसा वापरतात ते बघू, मग तिकडचं ठरवू."

मुकुंदाला आनंद झाला. रात्रीतून त्याने चार दिवसांत नऊ ठिकाणे बसवली. कोल्हापूर, पन्हाळा, मालवण, गणपतीपुळे, काही म्हणून सोडले नाही. सकाळी दोघे निघाले. कोल्हापूर मागे पडले, आणि पुढे डोंगराच्या कडेला एक लहानसे गाव आले, तिथे गुरुजी उठले आणि काठी टेकत खाली उतरले. मुकुंद पिशव्या घेऊन मागोमाग धावला.

"गुरुजी, हे आपल्या यादीत नाही!"

"माहीत आहे," एवढेच बोलून ते चालू लागले.

त्या गावात पाहण्यासारखे काही नव्हते. एक देऊळ, एक शाळा, फाट्यावर चहाची टपरी. गुरुजी एका सिमेंटच्या दुकानासमोर जाऊन बाकावर बसले आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हात करून थांबवीत आणि विचारीत, "इथं पाटणकर वैद्यांचं घर होतं. आठवतं का?"

"न्हाई बा," लोक सांगत. "आमी हितं आलो तवापास्नं ह्यो दुकानच हाय."

एका आजीबाईंनी मात्र कपाळाला आठ्या घालून बरेच आठवून पाहिले. "वैद्य व्हते खरं. माझ्या सासूला ठावं असतं. ती जाऊन धा वर्सं झाली."

देवळाच्या ओवरीत झोपायचे, टपरीवर मिळेल ते खायचे. मुकुंदाचा जीव कासावीस झाला. डोळ्यांदेखत गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि खिशातला पास तसाच होता. चौथ्या दिवशी दुपारी त्याला राहवेना.

"गुरुजी, राग मानू नका. पण चार दिवसांचा पास आपण एका बाकावर बसून घालवला. यातून मी काय शिकायचं?"

गुरुजी दुकानाकडे पाहत म्हणाले, "मुकुंद, हे माझ्या बायकोचं माहेर. तू सातवीत होतास तेव्हा ती इथं बाळंतपणाला आली. ती गेली, बाळही गेलं. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्या दिवशी मी वर्गावर आलो आणि तुम्हाला पुढचं प्रमेय शिकवायला लागलो. मग शिबिरं, व्याख्यानं, परीक्षा. या रस्त्यानं शंभरदा गेलो असेन. गाव आलं की डोळे मिटून घ्यायचो आणि म्हणायचो, पुढल्या खेपेला उतरू. आज उतरलो, तर तिला पाहिलेलं एकही माणूस उरलं नाही. त्या दिवशी तिच्याजवळ कोण बसलं होतं, ती काय बोलली, माझं नाव घेतलं का, हे मला आता कुणीही सांगू शकणार नाही."

गुरुजी मुकुंदाकडे वळले.

"ज्याला पुष्कळ ठिकाणी जायचंय त्यानं पास खुशाल घ्यावा. एकाच ठिकाणी जायचं असेल तर साधं तिकीट पुरतं. हा हिशेब तुला सहा महिने कळत नव्हता, असं मी मानत नाही. तुला पास हवा आहे तो कुठं थांबावं लागू नये म्हणून. पण बाळा, तुझ्या पोराच्या उशाशी बसलेली माणसं अजून जिवंत आहेत. त्याची घरमालकीण असेल, इस्पितळातली कुणी नर्स असेल. ती चार तासांत भेटायची नाहीत. त्यांना शोधायला दिवस लागतील."

"ती भेटली तर बरं वाटेल, गुरुजी?"

"नाही. आहे त्याहून जास्त दुखेल. तुला खोटं कशाला सांगू?"

"मला नाही जमणार हो."

"नलिनीला जमतंय, असं वाटतं तुला?"

या प्रश्नावर मुकुंद हातांनी तोंड झाकून रडला. गुरुजींनी त्याला थांबवले नाही आणि समजावलेही नाही. त्यांच्याजवळ त्याला देण्यासारखे आणखी काही नव्हते.

घरी परतल्यावर त्याने नलिनीला सांगितले, "पास काढत नाही. त्या गावाचं तेवढं तिकीट काढतो. तिथंच एक खोली घेऊ, महिनाभर राहू. बाकी कुठं जायचं नाही."

नलिनी आतून वही-पेन घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली.

"मग मला एक वाक्य शिकायचंय. तुम्ही माझ्या मुलाला ओळखत होतात का, हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात?"

सहा महिने त्या देशातल्या गाड्यांच्या वेळा पाठ केलेल्या मुकुंदाला हे एक वाक्य येत नव्हते. त्याने मोबाइलवर ते शोधले, वहीत मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिले, आणि दोघे ते मोठ्याने घोकू लागले. नलिनीला थोड्या वेळात जमले. मुकुंद मात्र 'माझ्या मुलाला' इथवर येई, आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडत नसे.

"पुन्हा म्हणा," नलिनी म्हणे.

तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.