हंबरणारे घोडे

या, बसा इकडे. आणि पांघरुणावरून भांडायचं नाही, सांगून ठेवते. एक होता राजा. भारी मानी, आणि कानाने हलका. त्याच्या राज्याच्या टोकाला राहायची चिमाक्का. जागा एवढीशी. घोड्यांची एक छोटी पागा, तिच्यात राजाचे दोन घोडे ती सांभाळायची, एक तांबडा नि एक काळा. दोघांच्या मधोमध बांधलेली तिची स्वतःची गाय, हरणी. चिमाक्काची आईवेगळी नात ठमी हरणीच्या दुधावर वाढत होती. पोरीला दुसरं काही पचायचंच नाही, बरं का.

मग एकदा काय झालं, राजा तिकडून चालला होता आणि हरणी हंबरली. कुणीतरी राजाचे कान भरले, गाईपायी घोडे बिघडतात म्हणे. झालं. लगेच दवंडी पिटली, पागेत हंबरणारं जनावर ठेवायचं नाही. शिपाई आले, हरणीचं दावं सोडू लागले. चिमाक्का आडवी आली.

"माझ्या नातीच्या तोंडचं दूध नेता? तुमच्या राजाला सांगा, मी गप्प बसायची नाही."

पण त्यांनी गाय ओढत राजवाड्याच्या गोठ्यात नेली. ठमी भुकेने रडरड रडली. चिमाक्काचा जीव तुटत होता, आणि रागही असा आला होता की विचारू नका.

मग पहिल्या दिवशी तांबड्या घोड्याने मान वर केली, आणि खिंकाळायचं सोडून चक्क हंबरला. दुसऱ्या दिवशी काळा हंबरला. जिवाभावाच्या सोबतिणीची आठवण, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी चिमाक्काने पदर खोचला, ठमीला कडेवर घेतलं आणि दोन्ही घोडे राजवाड्याच्या दारात नेऊन उभे केले.

"घ्या तुमचे घोडे. हंबरतात. हुकूम तुमचाच आहे."

"थापा मारतेस, म्हातारे," राजा म्हणाला.

घोडे म्हणाले, हम्मा. आतून राजाच्या पांढऱ्या घोड्याने ओ दिली, हम्मा. मग अख्खी पागा हंबरायला लागली. प्रधानाने तोंड फिरवून हसून घेतलं.

"आता सगळेच काढा बाहेर," चिमाक्का म्हणाली. "दसऱ्याला शिलंगणाला जा गाढवावर बसून. नाहीतर माझी गाय द्या."

"राजाचा शब्द फिरत नसतो."

"नसेल. मग मीही हलत नसते." आणि तिने दारातच बसकण मारली.

तेवढ्यात ठमी रडली. तीन दिवस राजवाड्यात काडीही न खाल्लेल्या, थेंबभर दूध न दिलेल्या हरणीने तो आवाज ऐकला, दावं तोडलं आणि धावत आली. पान्हा असा सुटला की अंगण पांढरं झालं. ते बघून राजाची मान खाली गेली. त्याने स्वतः दावं धरलं, चालत चालत हरणीला दोन्ही घोड्यांसकट चिमाक्काच्या पागेत नेलं आणि पुन्हा त्या दोघांच्या मधे बांधलं. घोडे कसे खणखणीत खिंकाळले. ठमी पोटभर दूध प्यायली.

"आता तरी झालं ना समाधान?" राजाने विचारलं.

"आधी तिला पेंड घाला," चिमाक्का म्हणाली. "तीन दिवसांची उपाशी आहे."

राजाने मुकाट्याने घातली. मग सगळी सुखात राहिली. चला, मिटा डोळे, दिवा मालवते मी.