ऊन कोंडलेलं राज्य

एका राज्यात, जिथे सावल्या माणसांच्या मागून उठायच्या, संचितसेन नावाचा राजा होता. इतका चिकट, की जांभईसुद्धा तोंड मिटून द्यायचा. एकदा तो रानातून परतला तो धुसफुसतच. गवत ऊन खातं, हरीण गवत खातं, वाघ हरीण खातो. मग एवढ्या रानात वाघ इतके थोडे कसे? मधल्यामध्ये खातंय कोण? दरबारातला मांत्रिक म्हणाला, चोर कुणी नाही महाराज, खाल्लेलं ऊन ज्याच्या त्याच्या अंगातून ऊब होऊन वाया जातं.

"वाया काही जाऊ नये," राजा म्हणाला.

मांत्रिकानं चिमूटभर राख फुंकली. झालं.

आधी सगळ्यांना मजा वाटली. एका घासावर महिना निघे. मुदपाकखान्यातले आचारी पत्ते कुटत बसले. मग हात गार पडू लागले. कुत्री एकमेकांना बिलगेनात. रानात वाघ हरणाशेजारी बसून राहिला आणि दोघंही पापणी लववेनात.

राणी धनिष्ठेला त्याच दिवसांत बाळ झालं. छातीशी घट्ट धरलं तरी ते गारच. डोळे मिटलेले, श्वास कोळ्याच्या धाग्याएवढा. राणी त्याला घेऊन नदीकाठी गेली. तिथे टिटवी अंड्यांवर बसली होती.

"उबत नाहीत गं बाई," टिटवी म्हणाली. "माझ्यातून काही बाहेरच पडत नाही. ऊन गेलं त्या वाटेनं जा. तिघांना विचार."

राणीनं गवताला विचारलं. गवत म्हणालं, पोट भरलंय. रोज नवं ऊन दारात येतं आणि माघारी जातं. हरणाला विचारलं. ते म्हणालं, भूक नाही, भीती नाही. पाय कशासाठी असतात तेच आठवत नाही. वाघाला विचारताना तिनं त्याच्या जबड्यात हात घातला. आत विहिरीतल्या दगडासारखं गार.

"ज्यानं कोंडलं, त्यानंच सोडावं," वाघ म्हणाला. "त्यासाठी त्यानं जन्मात न उच्चारलेले दोन शब्द लागतील. तुम्ही बायका दिवसातून दहादा म्हणता."

राणी ओळखून चुकली. तिनं बाळ नेऊन राजाच्या मांडीवर ठेवलं.

"गार आहे," राजा म्हणाला.

"तुमच्या अंगातून वाया जाईल, तेच याला मिळेल."

"किती जाईल?"

"बहुतेक सगळं."

"मग उरेल काय?"

"उद्याचं ऊन येईल की."

राजानं ओठ घट्ट मिटले. बाळाचा श्वास थांबला. तेव्हा कुठे राजाच्या तोंडून, गंजलेल्या कडीसारखं करकरत, निघालं,

"जाऊ दे."

त्याच्या तळव्यांना घाम फुटला. बाळ गुलाबी झालं, डोळे उघडून भुकेनं टाहो फोडू लागलं. मुदपाकखान्यात पत्ते टाकून आचारी धावले. नदीकाठी अंड्याला तडा गेला. रानात वाघानं मान वळवली. हरणाला पाय आठवले.

त्या राज्यात आता सगळ्यांना वेळच्या वेळी भूक लागते. राजा अजूनही चिकटच आहे. पण बाळ झोपलं, की त्याला मांडीवरून कुणाला उचलू देत नाही.