डांबरअण्णा आणि त्यांच्या राळबाया

तेलाच्या कढया बोलत असत, त्या काळची गोष्ट. हायड्रोजनताई दूरदेशी शिकून आपल्या काळ्या कढईत परतली. तिला वाटलं होतं, इथले जड जीव हलकं व्हायला आतुर असतील. पाहते तो काय, अंगभर जाडजूड कडी घातलेले डांबरअण्णा मधोमध निवांत तरंगत होते आणि पाच राळबाया त्यांना चहूबाजूंनी धरून गप्पा छाटत होत्या!

"अण्णा, कडी उतरवा, हलके व्हा!"

"बघू गं, घाई काय आहे?"

चिडून ताईने राळबायांना गाठलं. "या धोंड्याला किती दिवस धरून बसणार? वर चला!" दुपारपर्यंत तिघी अण्णांना सोडून, हलक्या होऊन वरच्या तेलात नाचू लागल्या. ताईने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात अण्णा घसरले आणि तापल्या बुडाला टेकले. तिथे चिकटला त्याचा कोळसा होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अगं बाई, धरा!" उरलेल्या दोघींनी काखेत हात घालून त्यांना कसंबसं उचललं.

अण्णा धापा टाकत ताईला म्हणाले, "पोरी, मी जड होतो, पण बुडालो नव्हतो!"

"तुम्ही ऐकतच नव्हता!"

"लांबून ओरडलीस. जवळ कुठे बसलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने ठरवलं, आधी अण्णा, मग बाकीचे. "बायांनो, नीट धरून ठेवा," ती म्हणाली आणि भाषण न करता अण्णांशेजारी बसून त्यांचं पहिलं कडं सोडवू लागली.