दर्यात निघालेली जमीन

तुमच्या मामाला म्हणावं, गप बस. म्हणे जमीन जागची हलत नाय. हलते. चांगली होडीसारखी निघते. ऐका, आन् मधी कुणी चुळबुळ करायची नाय.

एकदा काय झालं, दर्याकाठी एक सोंड होती. हत्तीची नाय रं, जमिनीची. तीन अंगाला पाणी आन् चवथ्या अंगाला मुलखाला जोडणारी वाळूची चिंचोळी वाट. सोंडेवरनं खाडीचं तोंड दिसायचं, बरं का. सोंड ज्याची, त्याला विचारूनच गलबतं आत जायची. म्हणून राजे भांडायचे. एक आला, त्यानं बुरूज बांधला. मग दुसरा आला, त्यानं तट बांधला. मग तिसरा आला, त्यानं तोफा आणल्या आन् एक सुभेदार बसवला.

वाटेकडं कुठला राजा बघतोय? ती कोळी सांभाळायचे. रीतच होती, वाटेवरनं जाणाऱ्यानं एक दगड आणून कडेला ठेवायचा. लाट वाळू ओढायची, दगड धरून ठेवायचे.

सुभेदार म्हणाला, "ही कसली अडगळ? तोफेची चाकं अडतात. दगड फेका पाण्यात."

लोकांनी फेकले. खोटं कशाला बोला, हात मोकळे झाले म्हणून खूषच झाले.

मग एक उधाण आलं, वाट अर्धी झाली. दुसरं आलं, वाटेवर गुडघाभर पाणी झालं. तिसरं आलं भर दुपारी. पोशी कोळीण सोंडेवर मासळी वाळत घालत होती, आन् तिची चांगी, एवढीशी पोर, पलीकडं मावशीकडं गेलेली. कडकन आवाज झाला आन् सोंड सुटली. बुरूज, तट, सुभेदार, कोंबड्या, सगळं घेऊन निघाली दर्यात.

काठावरनं चांगी ओरडली, "आये, कुठं चाललीस?"

पोशी हातातली मासळी टाकून कडेला धावली. "कुठं नाय गं. हितंच हाय," म्हणाली. आन् सोंड तर लांबच चाललेली.

मग सुभेदारानं मदत मागायला काठाकडं तोंड करून तोफ उडवली. त्या धक्क्यानं सोंड आणखीच मागं सरली.

"आग लागो तुमच्या तोफेला," पोशी म्हणाली.

मग त्यानं गलबतांचे नांगर टाकले. दोर तटातट तुटले.

मग पोशी घरात गेली. चूल विझवली, चुलीचा एक दगड उचलला आन् तुटल्या कडेला ठेवला. सोंड थांबली. दुसरा ठेवला, वळली. तिसरा ठेवला, काठाकडं सरकली. ते बघून घराघरातल्या बाया चुली मोडून आल्या. पलीकडं चांगीनंही पोटाशी धरून एक दगड आणला.

हातभर पाणी राहिलं आन् दगड संपले. सगळे सुभेदाराकडं बघायला लागले. मग तो तोफेचा दगडी गोळा घेऊन आला, खाली मान घालून.

"हा चालंल का?"

"चालंल. नीट ठेवा, पायावर पाडाल."

ठेवला. सोंड काठाला अशी टेकली, जशी गाय गोठ्यात येऊन टेकते. चांगी आयेला बिलगली ती सोडंचना. त्या दिशी सोंडेवर चूलच नव्हती, सगळी मावशीकडं जेवली. सुभेदारसुद्धा.

तवापासनं राजा असो का भिकारी, दगड घेतल्याबिगर सोंडेवर पाय ठेवत नाय. ती अजून जागच्या जागी हाय, आन् चांगीची नातवंडं तिथं सुखानं नांदतात.

उद्या मामा आला की त्याच्या हातात एक दगड द्या. आता पाय आत घ्या आन् झोपा.