भिवराआक्काची पानवेल

सातपुड्याच्या माथ्यावर हिवरमाळ नावाचं एक गाव. फार फार वर्षं झाली, तिथे भिवरा नावाची बाई नांदायला आली. येताना माहेराहून तिने विड्याच्या पानांची वेल आणली. सगळे हसले. पौषात तिथे दव गोठतं, कोवळं काही जगत नाही. पण भिवराने वेल जगवली. थंडी लागली की ती वेल खाली उतरवायची, मातीत निजवायची, वर पाचोळा आणि गवताच्या पेंढ्या रचायची. होळी होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही.

धाकटी जाऊ येसू तिच्या हाताखाली हे सगळं शिकली. एका माघात ऊन चांगलं तापलं, तशी येसू म्हणाली, "आक्का, आता काढूया की. गुदमरेल ती."

"ऊन फसवं असतं गं. खालून हाक आली तरी ओ देऊ नकोस. ती वेलीची नसते."

"मग कुणाची?"

"थंडीची."

त्याच दिवशी कलत्या उन्हाला वारा फिरला. असं म्हणतात, की रांजणातलं पाणी थिजलं, झाडावरची पाखरं टपटप खाली पडली. पेंढ्या उडायला लागल्या, तशी भिवरा मळ्यात गेली आणि वेलीवर आडवी झाली. मागोमाग आलेल्या येसूने ओढलं, विनवलं.

"तू घरी जा. पोरं एकटी आहेत," एवढंच ती म्हणाली.

उजाडताच येसू धावत आली. सगळं रान पांढरंफटक. फक्त वेलीवरची जागा, निजलेल्या माणसाएवढी, ओली आणि उबदार. भिवरा नव्हती. परतीचं एक पाऊलही उमटलेलं नव्हतं.

तेवढ्यात मातीखालून आवाज आला, "येसू, मला काढ गं. हिव भरलंय."

आवाज आक्काचाच होता. येसूने दोन्ही हात पेंढ्यांत घातले. मग तिला ते बोलणं आठवलं. तिने हात मागे घेतले आणि तोंडात पदर कोंबला. असं म्हणतात, की हाक रोज यायची. येसू रोज ऐकायची, रडायची आणि विस्कटलेल्या पेंढ्या सारख्या करून घरी जायची.

होळी झाली. गावाने माती सारली. खाली भिवरा नव्हती. वेल होती, पेरापेराला हिरवे कोंब फुटलेली.

अजूनही हिवरमाळात पहिलं पान खुडतात ते भिवराआक्काच्या नावाने, आणि ते कुणी खात नाही, मातीतच पुरतात. माघात ओळखीच्या आवाजात हाक आली, तरी कुणी ओ देत नाही. म्हणून त्या महिन्यात घरी परतलेला माणूस दारात उभा राहून हाक मारत नाही. नुसती कडी वाजवतो.